पादत्राणे उंबरठ्याबाहेर : घर, गोठा व बाग निरोगी ठेवण्याची पहिली पायरी



नाशिक शहरातील द्वारका चौक आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचा आहे. मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याकडून येणारा रस्ता येथे मिळतो. निफाड, पिंपळगाव, चांदवडकडून येणारी जीप, सिन्नरकडून येणारी एस. टी. आणि घोटी-इगतपुरीकडून येणारा टेम्पो, सगळ्यांची वाट या चौकाजवळून जाते. सकाळी बागेत फेरी मारायची, मग मार्केट यार्ड, औषधाचे दुकान, बँक, दवाखाना करायचा आणि संध्याकाळी द्वारका भागात राहणाऱ्या मुलाच्या किंवा पाहुण्यांच्या घरी चहाला टेकायचे, असा आपला शहरातला दिवस असतो. या सर्व ठिकाणी पायातील चप्पल किंवा बूट तोच असतो. त्याच्या तळाला प्रत्येक ठिकाणचे काही ना काही चिकटते आणि पुढच्या ठिकाणी ते थोडे थोडे उतरते.

पादत्राणे दाराबाहेर काढून घरात जाण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. ओसरीवर चपला काढायच्या, तांब्याभर पाणी पायावर घ्यायचे आणि मग आत यायचे, हे आपल्या वाडवडिलांना कोणी शिकवावे लागले नाही. परंतु अलीकडे घरे बदलली. सारवलेल्या जमिनीच्या जागी फरशी आली, ओसरी गेली, दार थेट बैठकीच्या खोलीत उघडू लागले. पाहुण्याला चपला काढायला सांगणे काही जणांना कमीपणाचे वाटू लागले. त्यामुळे जुन्या रीतीत काय शहाणपण होते आणि आजच्या शेतीत ते घरापुरतेच नव्हे, तर गोठा, कोंबड्यांची शेड, पॉलिहाऊस व द्राक्षबाग यांनाही कसे लागू पडते, हे समजून घेणे गरजेचे आहे.

तळव्याबरोबर घरात काय येते?

शेतात व रस्त्यावर वापरलेल्या पादत्राणांना माती, शेण, कोंबड्यांची विष्ठा, थुंकी, गटाराचे पाणी आणि फवारणीच्या औषधांचे अंश चिकटतात. डोळ्यांना फक्त चिखल दिसतो, बाकीचे दिसत नाही.

१) जंतांची अंडी : उघड्यावर शौचास बसण्याची सवय जेथे पूर्ण गेलेली नाही, तेथील मातीत मोठ्या जंतांची अंडी असतात. ही अंडी चिवट असतात. ओलसर, सावलीच्या मातीत ती महिनोन् महिने टिकतात. चिखलाबरोबर ती घरात आली, की जमिनीवर रांगणाऱ्या बाळाच्या हाताला लागतात व तोंडात जातात. मुलाचे पोट मोठे दिसणे, भूक मंदावणे, वजन न वाढणे या तक्रारींमागे पुष्कळदा जंत असतात.

२) अंकुशकृमी : हा कृमी तोंडावाटे कमी आणि पायाच्या कातडीतून अधिक शिरतो. ओल्या मातीत पडलेल्या विष्ठेतील अंड्यांतून एक-दोन दिवसांत अळ्या बाहेर पडतात आणि ५ ते १० दिवसांत त्या माणसाच्या कातडीतून आत शिरण्याइतक्या वाढतात. आतड्यात पोहोचल्यावर हा कृमी रक्त पितो. शेतात अनवाणी काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये रक्त कमी होण्याचे हे एक कारण आहे. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. घरात पादत्राणे नकोत, याचा अर्थ शेतात अनवाणी जावे असा नाही. शेतात व शौचास जाताना पायात चप्पल हवीच आणि घरात येताना ती दाराबाहेर हवी. दोन्ही नियम मिळून एकच काळजी आहे.

३) शेण व विष्ठेतील जंतू : हगवण, उलट्या यांना कारणीभूत होणारे जंतू जनावरांच्या शेणात व कोंबड्यांच्या विष्ठेत असतात. मोठ्या माणसाला त्यांचा फारसा त्रास होत नाही, परंतु तान्ह्या मुलाला एका दिवसाची हगवणही भारी पडते. धनुर्वाताचे बीजाणू माती आणि शेणातच असतात. पायाला जखम असेल, तर ती उघडी ठेवू नये व धनुर्वाताची लस घेण्यास टाळाटाळ करू नये.

जंतांच्या बाबतीत शासनाची सोयही आहे. २०१५ सालापासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या मोहिमेत १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना शाळा व अंगणवाडीतून जंतनाशक गोळी विनामूल्य दिली जाते. ती अवश्य घ्यावी. परंतु गोळीने पोटातले जंत जातात, अंगणातले जात नाहीत. दारातून माती आत येत राहिली, तर पुन्हा जंत होतात.

फवारणीचे बूट : सर्वांत मोठा धोका

नाशिक जिल्ह्यातील द्राक्ष बागायतदाराला हे वेगळे सांगायला नको, की छाटणीपासून काढणीपर्यंत बागेत किती वेळा फवारणी करावी लागते. पानांवरून ओघळलेले द्रावण जमिनीवर पडते. ओळीतून चालताना ते बुटाला, पायजम्याला लागते. छाटणीनंतर डोळे फुटण्यासाठी लावले जाणारे हायड्रोजन सायनामाइड तर कातडीला थेट अपाय करणारे रसायन आहे. ते लावताना थेंब पायांवर व चपलांवर पडतातच.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यानंतर फवारणी करणाऱ्याच्या संरक्षणाबद्दल बरीच जागृती झाली. मात्र फवारणी न करणाऱ्या घरच्या माणसांचा विचार अजून मागे पडतो. औषधांचे अंश बागेत ऊन, पाऊस व मातीतील जिवाणू यांच्यामुळे हळूहळू नष्ट होतात. घरात ऊनही नाही आणि पाऊसही नाही. त्यामुळे फरशीच्या सांधीत, सतरंजीत व गालिच्यात गेलेला अंश बागेतल्यापेक्षा अधिक काळ टिकून राहतो. त्याच सतरंजीवर लहान मूल दिवसभर लोळते, खेळणे जमिनीवर टाकते व तेच तोंडात घालते. मुलाचे वजन कमी असल्याने थोडे औषधही त्याच्या शरीराला जास्त होते.

यासाठी पुढील काळजी घ्यावी.

• फवारणीसाठी रबरी गमबूट वेगळे ठेवावेत. कापडी व चामडी बूट औषध शोषून घेतात आणि ते धुऊनही निघत नाही.
• पँट किंवा पायजमा गमबुटाच्या बाहेरून सोडावा. आत खोचल्यास द्रावण ओघळून बुटात साचते.
• काम संपताच बूट बागेतच साबणाच्या पाण्याने बाहेरून धुवावेत. हे पाणी विहीर, पाट, शेततळे किंवा जनावरांच्या हौदाकडे जाऊ देऊ नये.
• बूट फवारणी पंपाच्या खोलीत ठेवावेत, घराच्या ओसरीवर नव्हे. मुले मोठ्यांचे बूट पायात घालून खेळतात हे विसरू नये.
• फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत.

दाराशी कोणती व्यवस्था असावी?

"चपला बाहेर काढा" असे नुसते सांगून भागत नाही. काढायला जागा, टेकायला आधार आणि पायांवर घ्यायला पाणी असेल, तर सांगावेही लागत नाही. त्यासाठी मोठा खर्चही नाही.

१) चिखल खरवडण्याची पट्टी : काळ्या मातीचा चिखल झटकून जात नाही. पायरीच्या कडेला सिमेंटमध्ये लोखंडी पट्टी उभी बसवावी. तिच्यावर तळवा घासला, की बहुतेक चिखल तेथेच पडतो. जुन्या विळ्याचे बोथट पातेही चालते, मात्र धार अजिबात नसावी.

२) दोन पायपुसणी : दाराबाहेर काथ्याचे खरखरीत व दाराच्या आत कापडी. बाहेरचे रोज झटकावे, आतले आठवड्यातून एकदा धुऊन उन्हात वाळवावे. महिनोन् महिने न धुतलेले पायपुसणे पाय पुसत नाही, उलट घाण लावते.

३) नळ किंवा रांजण : दाराशेजारी पाय धुण्याची छोटी मोरी करावी. तिचे पाणी साचू न देता परसबागेतील केळीला किंवा अळूला सोडावे. ओसरीवर तांब्या ठेवण्याची आपली जुनी पद्धत हीच होती.

४) टेकण्यासाठी जागा : गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना उभ्याने बूट काढता येत नाहीत. दाराशी एक स्टूल किंवा कट्टा असावा.

५) उंचावर फळी : पादत्राणे जमिनीवर न ठेवता फूट-दीड फूट उंचीच्या मांडणीवर ठेवावीत. पावसाळ्यात व उन्हाळ्यातही विंचू, गोम आणि लहान साप बुटात आश्रय घेतात. बाहेर ठेवलेले बूट घालण्यापूर्वी उलटे करून आपटावेत, ही सवय मुलांनाही लावावी. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यानंतर असंख्य जीव वाचले. तरीही दंश झाल्यास मंत्र-तंत्रात वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

६) घरातल्या सपाता : मधुमेह असलेल्यांनी घरातही अनवाणी चालू नये. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असते व लहानशी जखमही चिघळते. अशांसाठी फक्त घरात वापरायच्या स्वच्छ सपाता असाव्यात. पाहुण्यांसाठीही दोन-तीन जोड ठेवावेत.

फरशीची निगा

माती दाराशी अडली, तर फरशीची निम्मी निगा तेथेच होते. घरातील फरशी पुसण्याचे काम बहुतेक घरांत बायकाच करतात. बागेतून आलेल्या पुरुषाने चिखलाच्या बुटाने एक फेरी मारली, की घरातील बाईला पुन्हा एकदा बादली घेऊन वाकावे लागते. तिने सकाळी पाणी भरले आहे, भाकरी केल्या आहेत, दिवसभर बागेत विरळणी केली आहे. तेव्हा दाराशी बूट काढणे ही तिच्या श्रमाचीही कदर आहे.

फरशी कशी आहे, यावर ती साफ करण्याची रीत अवलंबून असते.

शहाबादी फरशी : हा चुनखडीचा दगड आहे. त्यावर ॲसिड टाकल्यास दगड विरघळतो, पृष्ठभाग खडबडीत होतो व पुढे अधिकच घाण धरतो. अशी फरशी साबणाच्या किंवा धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने घासावी व स्वच्छ पाण्याने पुसावी.

कोबा व टाइल्स : प्रथम हलक्या हाताने केर काढावा, नंतर ओल्या फडक्याने पुसावे. दोन बादल्या घ्याव्यात. एकीत साबणाचे किंवा फिनाइलचे पाणी व दुसरीत फडके खळबळण्यासाठी साधे पाणी. एकाच बादलीतील गढूळ पाण्याने सगळे घर पुसल्यास घाण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते. पुसणे आतल्या खोलीपासून सुरू करून दाराशी संपवावे.

सारवलेली जमीन : शेणमातीचे सारवण धूळ धरून ठेवते व जमिनीला भेगा पडू देत नाही. मात्र सारवणाची माती फवारणी होत असलेल्या बागेतून आणू नये. हाताला कापले किंवा चिरले असल्यास शेणात हात घालू नये. घरात ओली बाळंतीण व नवजात बाळ असेल, तर त्यांच्या खोलीत ताजे शेण वापरू नये.

सतरंजी व गालिचे आठवड्यातून एकदा घराबाहेर नेऊन झटकावेत आणि कडक उन्हात टाकावेत. रांगते मूल असलेल्या घरात मूल खेळते तेवढी जागा दिवसातून दोनदा पुसावी. फिनाइल, ॲसिड व ब्लिचिंग पावडर यांचे डबे मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवावेत. ब्लिचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो व बंद जागेत तो जिवावर बेततो.

पाहुण्यांना कसे सांगावे?

खरी अडचण येथेच येते. मराठी घरात पाहुणा दाराशी येऊन चपला काढायला वाकतो आणि घरधनी म्हणतो, "असू द्या हो, असू द्या, या तसेच आत." पाहुणा चपला काढतच असतो, आपणच त्याला थांबवतो. त्यामागे प्रेम असते, पण त्या एका वाक्याने घरातील सर्वांची शिस्त मोडते. उद्या मुलगाही बूट घालून आत येतो आणि त्याला काही बोलता येत नाही.

"असू द्या" म्हणण्याची सवय सोडावी व त्या जागी पाहुणचाराचेच दुसरे वाक्य बोलावे. उदाहरणार्थ :

"या काका, चपला इथं ठेवा. पाय धुवायला पाणी काढलंय."

"या साहेब, बसा या कट्ट्यावर. बूट इथंच काढा, या घरातल्या सपाता घ्या. आत नात रांगते, म्हणून आम्ही सगळेच बाहेर काढतो."

या बोलण्यात तीन गोष्टी आहेत. आधी स्वागत आहे, मग सोय आहे आणि नंतर कारण आहे. "आम्ही सगळेच काढतो" असे म्हटल्याने पाहुण्याला आपल्याला वेगळे काढले असे वाटत नाही. कारण खरे असावे, देवाधर्माचे निमित्त पुढे करण्याची गरज नाही. लहान मूल, आजारी माणूस, फवारणीचे दिवस, ही कारणे कोणालाही पटतात.

नियम सर्वांना सारखा असावा. मजुराला चपला बाहेर आणि व्यापाऱ्याला मात्र बुटासकट सोफ्यावर, असे केल्यास तो स्वच्छतेचा नियम राहत नाही, मानपानाचा होतो. तसेच मजुराला चपला काढायला लावून ओसरीवरच बसवायचे, हेही योग्य नाही. चपला काढल्या, पाय धुतले, की प्रत्येक पाहुणा आतल्या बैठकीचा धनी आहे.

अपवादही असावेत. ज्यांच्या पायाला पट्टी आहे, जे कुबडी किंवा कॅलिपर वापरतात, ज्यांना वाकता येत नाही, त्यांना आग्रह करू नये. त्यांच्यासाठी दारात ओले फडके टाकून तळवा पुसून घ्यावा, तेवढे पुरते. अचानक आजारी माणसाला तपासायला आलेल्या डॉक्टरांना दाराशी खोळंबून ठेवू नये. फरशी नंतर पुसता येते.

हाच नियम शेडच्या दाराशी

घरात पाहुण्याला सांगायची सवय झाली, की शेडच्या दाराशी सांगणे सोपे जाते, आणि तेथे न सांगण्याची किंमत रुपयांत मोजावी लागते.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला. रोग आटोक्यात आणण्यासाठी लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. या रोगाचे तसेच राणीखेतचे विषाणू आजारी पक्ष्यांच्या विष्ठेत असतात व ते बूट, गाडीची चाके, खुराडी आणि अंड्यांचे ट्रे यांच्याबरोबर एका शेडवरून दुसऱ्या शेडवर जातात. खाद्याच्या गाडीचा चालक, पक्षी भरायला आलेला व्यापारी, शेजारचा शेडमालक, हे सगळे सकाळपासून दोन-चार शेड फिरून आलेले असतात.

शेडच्या दाराशी फूटबाथ असावा आणि आतले गमबूट वेगळे असावेत. फूटबाथसाठी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर मिसळावी. द्रावण रोज बदलावे. माती व विष्ठा मिसळली, की क्लोरीनचा जोर संपतो. म्हणून तळवा आधी ब्रशने घासून साफ करावा व मगच फूटबाथमध्ये बुडवावा. चिखलाने भरलेल्या फूटबाथमधून चालत जाणे म्हणजे नुसते समाधान आहे. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे पाहुण्याला स्वतःचे बूट बाहेर काढायला लावून शेडचे गमबूट देणे.

गोठ्यालाही हेच लागू आहे. लाळ्या-खुरकूत रोगाचा विषाणू माणसाच्या बुटांबरोबर व कपड्यांबरोबर गावोगाव जातो. २००१ साली ब्रिटनमध्ये या रोगाची मोठी साथ आली. तेव्हा शेतांमधून जाणाऱ्या पायवाटा बंद केल्या गेल्या, रस्त्यांवर जंतुनाशकात भिजवलेल्या चटया टाकल्या गेल्या आणि ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. गावात साथ असेल, तर १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून त्या द्रावणाने गोठ्याच्या दाराशी पाय व बूट धुवावेत. जनावरांच्या बाजारातून आल्यावर थेट गोठ्यात शिरू नये. अर्थात, लसीकरणाला पर्याय नाही. लम्पी त्वचा रोग मुख्यतः माश्या, डास व गोचिडांमार्फत पसरतो, तेथे बूट धुण्यापेक्षा कीटकांचा बंदोबस्त महत्त्वाचा आहे.

पॉलिहाऊस, बाग व माती

पॉलिहाऊसमध्ये ढोबळी मिरची, काकडी, जरबेरा घेणाऱ्यांना सूत्रकृमी ठाऊक आहेत. मुळांवर गाठी करणारा हा कृमी स्वतः फार दूर जाऊ शकत नाही. तो रोपांबरोबर, अवजारांबरोबर आणि बुटाला चिकटलेल्या मातीबरोबर आत येतो. एकदा आत आला, की त्याला घालवणे खर्चाचे काम आहे. डाळिंबातील मर रोगाची बुरशीही रोगट मातीतून व पाण्यातून पसरते. मालेगाव, सटाणा, देवळा भागातील बागायतदारांनी मर लागलेल्या बागेत फिरून आल्यावर त्याच चपलांनी निरोगी बागेत जाऊ नये.

केळीवरील पनामा मर रोगाची टी.आर.४ ही जात मातीत अनेक दशके टिकून राहते. २०१५ साली ती ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या केळी पट्ट्यात आढळली. त्यानंतर तेथील केळी उत्पादकांनी बाहेरच्या माणसाला स्वतःच्या बुटांनी बागेत शिरू देणे बंद केले. आपल्या देशातही बिहार व उत्तर प्रदेशात ही जात आढळली आहे. जळगावच्या केळी उत्पादकांनी म्हणूनच आतापासून सावध राहणे बरे.

द्राक्ष बागायतदारांसाठी तर फायलोक्सेराचे उदाहरण मोठे आहे. मुळांवर जगणाऱ्या या बारीक किडीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या. ती मातीबरोबर बुटांवरूनही पसरते. ऑस्ट्रेलियातील द्राक्ष भागांत आजही पाहुण्यांना बागेच्या फाटकाशी बूट घासून क्लोरीनच्या द्रावणात बुडवायला सांगतात. तेथे याचा कोणाला राग येत नाही, कारण बाग कशाने जाते हे सर्वांना माहीत आहे. नाशिक परिसरात द्राक्षबागा व वायनरी पाहायला देशोदेशीचे पर्यटक येतात. ते मागच्याच आठवड्यात दुसऱ्या देशातील बागेत फिरले असतील. आपल्या फाटकाशी एक ब्रश, एक बादली आणि पाहुण्यांसाठी चार जोड गमबूट ठेवणे फार अवघड नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. भुरी व डाऊनी हे रोग मुख्यतः वारा आणि पाऊस यांच्याबरोबर पसरतात. ते बूट धुतल्याने थांबणार नाहीत. बूट धुण्याने थांबतात ते मातीतून पसरणारे रोग व किडी. काही बुरशींच्या बीजाणूंवर ब्लिचिंग पावडरही पुरेशी चालत नाही, म्हणून जंतुनाशकावर विसंबण्यापेक्षा माती पूर्ण काढणे किंवा बूटच बदलणे अधिक खात्रीचे असते.

निर्यातीच्या पॅकहाऊसमध्ये काम करणाऱ्या भगिनींना हे अनुभवाने माहीत आहे. तेथे बाहेरची पादत्राणे आत चालत नाहीत, हात धुतल्याशिवाय घडाला हात लावता येत नाही. परदेशातील ग्राहकाच्या ताटासाठी आपण जी शिस्त पाळतो, ती आपल्या मुलांच्या ताटासाठीही पाळायला हवी.

आपण पाहुणे असू तेव्हा

आता दुसरी बाजू. दुसऱ्याच्या घरी, बागेत किंवा शेडवर आपण पाहुणे असतो. द्वारकेला मुलाच्या सदनिकेत जायचे असेल, तर बागेतले बूट घालून निघू नये. प्रवासाची चप्पल वेगळी ठेवावी. दाराशी घरच्यांनी सांगण्याची वाट न पाहता चपला काढाव्यात, पाय धुवायला पाणी मागून घ्यावे. सून किंवा मुलगा संकोचाने "असू द्या बाबा" म्हणतील, तरी काढाव्यात. जिन्यात चपला इतरांच्या वाटेत न टाकता कडेला ओळीने ठेवाव्यात.

संत गाडगेबाबा (१८७६-१९५६) गावात पाहुणे म्हणून येत आणि येताच हातात झाडू घेऊन गावच झाडून काढीत. नाशिकमध्येही त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. २००० साली राज्य शासनाने त्यांच्याच नावाने ग्राम स्वच्छता अभियान सुरू केले. पाहुण्याने यजमानाचे घर मळवू नये, जमल्यास थोडे अधिक स्वच्छ करून जावे, हाच त्यांचा धडा आहे.

२०२७ साली नाशिक-त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ कुंभमेळा आहे. त्या काळात जिल्ह्यातील घराघरांत पाहुण्यांची वर्दळ राहील. ती सुरू होण्यापूर्वीच दाराशी व्यवस्था करून ठेवावी.

थोडक्यात लक्षात ठेवा

१) शेतात पायात चप्पल हवी, घरात नको.
२) फवारणीचे गमबूट वेगळे ठेवावेत. ते बागेतच धुवावेत, घरी आणू नयेत.
३) दाराशी पट्टी, पायपुसणे, पाणी, स्टूल व उंच मांडणी ठेवावी.
४) बाहेर ठेवलेले बूट आपटून मगच घालावेत.
५) शहाबादीवर ॲसिड नको. ॲसिड व ब्लिचिंग पावडर एकत्र कधीच नको.
६) शेड, गोठा व पॉलिहाऊससाठी आतली पादत्राणे वेगळी ठेवावीत. फूटबाथ रोज बदलावा.
७) पाहुण्याला "असू द्या" म्हणू नये. पाणी पुढे करून, गोड बोलून चपला बाहेर ठेवायला सांगावे.

या कामाला अनुदान लागत नाही, कर्ज लागत नाही, की कोणाची परवानगीही लागत नाही. या आठवड्यात घरातील सर्वांनी बसून दाराशी काय कमी आहे ते पाहावे. एक पट्टी, एक बादली, एक स्टूल एवढ्याने सुरुवात होते. बाग, शेड व गोठ्यासाठी कोणते जंतुनाशक किती प्रमाणात वापरावे याविषयी शंका असल्यास जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावे.